मागाठाण्याची लेणी कोणी जपायची?

कांदिवली पूर्वेला पोयसरला मेट्रोत चढलात, की बोरिवलीच्या दिशेने पुढचंच स्थानक मागाठाणे. हे नाव कान्हेरीच्या शिलालेखात आहे: या गावातलं शेत भिक्खूसंघाला दान दिल्याची नोंद. साधारण सहाव्या शतकातली बौद्ध लेणी अजून तिथे आहेत, घरांच्या गराड्यात, झिजलेल्या बुद्धमूर्तींसह.

अशा जागांची दखल अलीकडे विद्यार्थ्यांनी घेतली. साठ्ये महाविद्यालयाच्या चमूने राष्ट्रीय उद्यानात सात अपरिचित लेणी नोंदवली. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातर्फे 2015 पासून साष्टीच्या सर्वेक्षणात पाडेवस्त्या फिरून वीरगळ, गद्धेगाळ, उघड्यावर पडलेल्या मूर्ती टिपल्या गेल्या. पगार नाही, हौस आणि पायपीट.

आपली पोरं म्हणतात, हे त्यांचे छंद. आपल्याकडे अत्याचार आहेत, बेकारी आहे. मला हे पटत नाही. 1934 मध्ये बाबासाहेब सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दाराबाहेर हौदावर हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहता आला तो पाण्याला न शिवण्याच्या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई. दगड पाहण्याचा हक्कसुद्धा आपल्याला असा मोजून मिळालाय. तो छंद म्हणून सोडून द्यायचा?

पण जपायचं म्हणजे काय, यावर आपल्यातच भांडण हवं. मागच्या बुद्धपौर्णिमेला एका लेण्यावर आमच्याच गटातला एकजण निळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. श्रद्धेनेच. रंगाने दगडाची छिद्रं बुजतात, आतली ओल अडकते, मग पापुद्रे सुटतात आणि त्याबरोबर मूर्तीचा चेहराही. तारेचा ब्रश आणि ॲसिड त्याहून वाईट. जाणकाराशिवाय मूर्तीला हात लावायचा नाही. आपलं काम आधी नोंदीचं. डबा परत गेला, पण तासभर वाद झाला.

दुसरं भांडण बाहेरच्यांशी. ‘झोपडपट्टीने लेणी गिळली’ असं सहज बोललं जातं. मंडपेश्वरच्या लेण्यात पोर्तुगीजांनी चर्च केलं, त्याला इतिहास म्हणतात. घर न मिळालेल्या माणसाने लेण्याशेजारी पत्रा ठोकला की ते अतिक्रमण! सांडपाण्याला वाट नसेल तर ते लेण्यातच साचणार. गटाराची मागणी हीही संवर्धनाची मागणी आहे, वॉर्ड ऑफिसात तशीच लिहून द्या.

म्हणून कॉलेजच्या गटात पहिली जागा तिथल्या पोरांची. पावसाळ्यात कुठून पाणी झिरपतं, कुठला खांब मागच्या वर्षी होता तसा राहिला नाही, हे त्यांना माहीत असतं. वही, टेप, मोबाइल घ्या. प्रत्येक मूर्तीचा फोटो दर पावसाळ्याआधी आणि नंतर, त्याच जागेवरून, बाजूला मोजपट्टी ठेवून काढा. आणि आत जाण्याआधी शेजारच्या घराचं दार वाजवा, त्यांना विचारा.