खानोलकर, सावित्री

(२० जुलै १९१३ – २६ नोव्हेंबर १९९०). परमवीर चक्राच्या संकल्पक. स्वित्झर्लंडमधील नशातेल येथे हंगेरियन पिता व रशियन माता यांच्या पोटी जन्म. मूळ नाव ईव्ह इव्हॉन. १९३२ मध्ये लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह होऊन त्या या मराठी कुळात आल्या. विवाहोत्तर हिंदू धर्म, संस्कृत व पुराणे यांचा त्यांनी इतका सखोल व्यासंग केला, की स्वतंत्र भारताच्या शौर्यपदकांची सिद्धता करण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, त्या मेजर जनरल हिरालाल अटल यांनी आराखड्यासाठी याच विदुषीस पाचारण केले; ही निवड आजही मार्मिक वाटते. दधीची ऋषींनी स्वेच्छेने अर्पिलेल्या अस्थींपासून घडलेले इंद्राचे वज्र सावित्रीबाईंनी परमवीर चक्रासाठी निवडले, आणि वर्तुळाकार कांस्यपदकावर मध्यभागी राजमुद्रा ठेवून तिच्याभोवती चार वज्रे योजिली. पदकाची फीत जांभळी आहे. २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झालेल्या या पदकाचे पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा (मरणोत्तर) हे त्यांच्याच जावयाचे बंधू होत. महावीर चक्र, वीर चक्र इत्यादी पदकांचे आराखडेही त्यांचेच. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला. पतिनिधनानंतर (१९५२) त्या अध्यात्माकडे वळल्या.