मिठाचा साहेब, चिखलातले पक्षी आणि फुलपाखरं

उरणला पक्षी बघायला जाणार असाल तर एडवर्ड हॅमिल्टन एटकेन या गृहस्थाची ओळख करून घ्याच. १८५१ साली साताऱ्यात जन्मलेला मिशनऱ्याचा मुलगा. नोकरी कस्टम आणि मीठ खात्यात. खाराघोडा, उरण, कारवार, रत्नागिरी अशा बदल्या. म्हणजे दिवसभर मिठाचा कर, आणि उरलेल्या वेळात पाखरं. आपल्यासारखाच नोकरदार की!

आता मिठाचा आणि पक्ष्यांचा संबंध काय? सोप्पं आहे. ओहोटीला चिखल्या, तुतवार, टिलवे खाडीच्या गाळात चरतात. भरती आली की गाळ बुडतो, मग ते मिठागरांच्या बांधांवर आणि उथळ पाण्यात येऊन बसतात. म्हणून आम्ही नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी भरतीचं वेळापत्रक पाहूनच निघालो. दुर्बिणीत आधी शेकाट्याचे लाल पाय दिसले, मग टिलव्यांचा थवाच्या थवा.

१५ सप्टेंबर १८८३ ला मुंबईत आठ जणांनी बीएनएचएस स्थापली. त्यात एटकेन होता, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टरही होते. नोकरी-व्यवसाय सांभाळून निसर्गाच्या नोंदी करणारी ही मंडळी.

पुढे कारवार भागात एटकेन, कलेक्टरीतला डेव्हिडसन आणि जंगल खात्यातला बेल या तिघांनी फुलपाखरांचा पिच्छा पुरवला. जाळं घेऊन धावण्यापेक्षा त्यांनी अळ्या शोधल्या, घरी वाढवल्या, कुठली अळी कुठलं पान खाते ते लिहून ठेवलं. त्यांचे लेख संस्थेच्या जर्नलमध्ये १८९६ पासून आले. दुपारी कर्नाळ्याला आम्ही हीच युक्ती वापरली. धावाधाव बंद, लिंबाच्या जातीची झाडं शोधायची! कारण २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्या त्यावरच वाढतात. अर्ध्या तासात एक मादी पानाभोवती घिरट्या घालताना सापडली.

हे सगळं आज का सांगतोय? १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल आणि अटल सेतू आला. सोय झाली, खोटं कशाला बोलू? पण त्याबरोबर पाणथळीवर भरावही पडतो. भरतीचं पाणी अडवलं की जागा सुकते, झुडपं उगवतात. मग "इथे पाणथळ नव्हतीच मुळी" असं म्हणायला कोणीही मोकळा! तेव्हा उपयोगी पडते ती फक्त तारीख-वार लिहिलेली नोंद.

एटकेनकडे वही होती, आपल्याकडे ई-बर्ड आहे. फोटो टाका हो खुशाल, पण त्याखाली जागा, तारीख आणि आकडा लिहायला विसरू नका.