मानसिक परिभ्रमण आणि तारकाकृती तलविन्यास : लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बीजसंज्ञा : मानसिक परिभ्रमण, मेंदू, तारकाकृती तलविन्यास, सूत्रधार, लोणार

प्रस्तावना :

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे उल्काघाताने निर्माण झालेल्या सरोवरासाठी जगप्रसिद्ध आहे. त्याच गावातील दैत्यसूदन मंदिर हा मध्ययुगीन दख्खनी स्थापत्याचा एक महत्त्वाचा नमुना असून लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूची कथा त्याच्याशी जोडलेली आहे. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मंदिराचा तलविन्यास अनियमित ताऱ्याच्या आकाराचा आहे. हेन्री कझिन्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनमधील मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात या मंदिराची दखल घेतली आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर भारतीय ज्ञान प्रणालीचा समावेश महाविद्यालयीन अभ्यासक्रमांत झाला. मंदिर स्थापत्य हा त्यातील स्वाभाविक विषय होय. मात्र शिकविताना ‘प्राचीन शिल्पी संपूर्ण मंदिर मनातच फिरवून पाहत, त्यांची बुद्धी असामान्य होती’ अशी विधाने सहज केली जातात. या विधानांना मेंदूविज्ञानाचा आधार मिळतो काय, आणि दगडाच्या पुराव्यावरून शिल्पीच्या मनाविषयी इतिहासकाराने किती बोलावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मानसिक परिभ्रमणाच्या संशोधनाची वाटचाल :

एखाद्या वस्तूची प्रतिमा मनातल्या मनात फिरविणे म्हणजे मानसिक परिभ्रमण होय. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी ८ व्यक्तींना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या १६०० जोड्या दाखविल्या. दोन आकृत्या एकाच वस्तूच्या आहेत की परस्परांच्या आरशातील प्रतिमा आहेत, हे ओळखावयाचे होते. दोन आकृत्यांमधील कोन जसजसा वाढला तसतसा उत्तराला लागणारा वेळही त्याच प्रमाणात वाढला. परिभ्रमणाचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ६० अंश एवढा आढळला. प्रत्यक्ष वस्तू फिरविताना जसा मधला प्रत्येक कोन ओलांडावा लागतो, तसेच काहीसे मनातही घडते, असा या प्रयोगाचा अर्थ लावण्यात आला.

पुढील टप्पा मेंदूच्या अभ्यासाचा होता. १९८९ मध्ये अपोस्टोलोस जॉर्जोपोलस व सहकाऱ्यांनी माकडाच्या मेंदूतील कारक क्षेत्राच्या, म्हणजे हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागाच्या, पेशींची नोंद घेतली. दिव्याच्या दिशेपासून ९० अंश वळवून हात हलवायचा असताना या पेशींच्या एकत्रित क्रियेतून दिसणारी दिशा क्रमाक्रमाने वळत गेली. १९९० च्या दशकापासून एमआरआय तंत्राने झालेल्या अभ्यासांत मानवी मेंदूच्या वरच्या व मागच्या बाजूचा पॅरायटल खंड या कार्यात सातत्याने सक्रिय झालेला दिसला. अनेक अभ्यासांत हालचालींशी संबंधित भागही सक्रिय होते.

या दृष्टीने स्टीफन कॉसलिन व सहकाऱ्यांचा २००१ मधील अभ्यास विशेष उद्बोधक आहे. वस्तू स्वतःच्या हाताने फिरवीत असल्याची कल्पना करताना कारक क्षेत्र सक्रिय झाले. विद्युत मोटर ती फिरवीत असल्याची कल्पना करताना तसे झाले नाही. एकच उत्तर मेंदू निरनिराळ्या मार्गांनी काढू शकतो, असा याचा अर्थ होतो. तसेच २०१३ मध्ये डेव्हिड अटल व सहकाऱ्यांनी २१७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून अवकाशीय कौशल्ये सरावाने वाढतात, असे दाखविले.

तारा कसा आखला जातो :

एक चौरस त्याच्या मध्यबिंदूभोवती ४५ अंशांनी फिरविला असता आठ कोनांचा तारा तयार होतो. २२.५ अंशांच्या टप्प्याने चार चौरस मांडल्यास सोळा कोन मिळतात. कर्नाटकातील डंबळ येथील बाराव्या शतकातील दोड्डबसप्पा मंदिराच्या ताऱ्याला चोवीस कोन आहेत; म्हणजे सहा चौरस आणि १५ अंशांचा टप्पा. महाराष्ट्रात शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले अंबरनाथचे मंदिरही तारकाकृती परंपरेतीलच आहे.

हे परिभ्रमण मनात करण्याची सक्ती मात्र नाही. मध्यभागी खुंटी आणि तिला बांधलेली दोरी यांच्या साहाय्याने ते जमिनीवर करता येते. शुल्बसूत्रांतील वेदीची रचना दोरीवरच आधारलेली आहे आणि स्थपतीच्या परंपरेतील ‘सूत्रधार’ या शब्दाचा अर्थच दोरी धरणारा असा आहे. मध्य प्रदेशातील भोजपूरच्या अपूर्ण शिवमंदिराजवळ खडकांवर कोरलेले आराखडे आजही दिसतात.

चर्चा :

यावरून दोन टोकाच्या भूमिका टाळणे आवश्यक ठरते. दैत्यसूदन मंदिर पाहून शिल्पीच्या मेंदूत काय घडले ते सांगता येत नाही, कारण तीच आकृती मनानेही येते आणि दोरीनेही. उलटपक्षी, दोरी होती म्हणून कल्पनाशक्ती नव्हती असेही म्हणता येत नाही. लोणारचा तारा अनियमित आहे. एकाच चौरसाच्या समान फिरकीतून असा आकार आपोआप निघत नाही. कोणता कोन ठेवावा आणि कोणता गाळावा याचा निर्णय घ्यावा लागतो. शिवाय जमिनीवरची रेषा शिखरापर्यंत थरांमागून थरांत नेताना दगडाची अद्याप न घडलेली बाजू डोळ्यांसमोर आणावीच लागते. हाताने दगड फिरविण्याचा वर्षानुवर्षांचा सराव अशा वेळी उपयोगी पडत असावा, असे अनुमान करण्यास वरील संशोधनात वाव आहे. परंतु ते अनुमानच होय.

निष्कर्ष :

१. मानसिक परिभ्रमण ही सर्वसामान्य मानवी क्षमता असून ती सरावाने वाढते. ती प्राचीनांची गूढ देणगी मानण्यास आधार नाही.

२. तारकाकृती तलविन्यास हा दोरीच्या भूमितीचा आणि शिल्पीच्या निर्णयाचा पुरावा आहे. मेंदूच्या क्रियेचा तो थेट पुरावा नाही.

३. शिल्पीला अलौकिक ठरविल्याने त्याचे श्रम, साधने आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रशिक्षण झाकले जाते. भारतीय ज्ञान प्रणालीच्या अध्यापनात गौरवापेक्षा या कार्यपद्धतीला प्राधान्य मिळावे. मैदानावर खुंटी आणि दोरी घेऊन विद्यार्थ्यांनी स्वतः एक तारा आखल्यास त्यांना सूत्रधाराच्या कामाची जी ओळख होईल, ती स्तुतिपर व्याख्यानातून होणार नाही.