प्रवासी यादीतली 'आणि आया'

समजा, साहेबाचं बाळ सांभाळत मुंबईहून लंडनला गेलेल्या आयांवर तुम्हाला संशोधन करायचंय. एकोणिसाव्या शतकातली एखादी प्रवासी यादी उघडा. मडमेचं नाव सापडतं, पुढे बऱ्याचदा नुसतं 'आणि आया'. संपलं! नाव नाही, गाव नाही.

मग काय करायचं? माणूस सापडत नसेल तर कामाचा माग काढा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तरी प्रवास काही आठवड्यांचा. बाळाला भरवणं, न्हाऊ घालणं, रात्री जोजवणं सगळं तिच्याकडे. स्वतःला बोट लागली तरी सुट्टी नाही.

लंडनला पोचल्यावर काही कुटुंबं परतीची सोय न करताच तिला सोडून देत. अशा बायकांना आसरा होता 'आयाज होम'चा. १९०० पासून ते हॅकनीत, २६, किंग एडवर्ड्स रोडवर होतं. हिंदुस्थानात निघालेलं कुटुंब तिथून आया सोबत घेई. म्हणजे स्वतःच्या घरी परतायचं, तेही दुसऱ्याचं बाळ कडेवर घेऊन!

रोझिना विसराम यांनी १९८६ च्या पुस्तकात असेच विखुरलेले कागद जोडून हा इतिहास उभा केला. २०२२ मध्ये त्या घरावर निळी पाटी लागली.

प्रयोगात रीडिंग मिळालं नाही, तर आपण तिथे शून्य लिहितो का? नाही ना? मग यादीतल्या रिकाम्या जागेलाही शून्य समजू नका. ती जागा कुणी रिकामी ठेवली आणि का, हाच तुमचा संशोधन-प्रश्न असू शकतो.