मातुलकन्या-विवाह आणि निषिद्ध नात्यांची सीमा : धर्मशास्त्र, महाराष्ट्रीय लोकाचार आणि कायदा

प्रस्तावना

विवाहास कोणते नाते वर्ज्य आणि कोणते ग्राह्य, हे रक्ताच्या अंतरावरून ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महाराष्ट्रातील आप्तसंबंधांचा इतिहास या समजुतीस दुजोरा देत नाही. चुलतबहीण, मावसबहीण, आतेबहीण आणि मामेबहीण या चौघींशी पुरुषाचे रक्ताचे अंतर सारखेच असते. आनुवंशिक द्रव्याचा सरासरी एक-अष्टमांश भाग त्यांच्यात समाईक असतो. तरीही बहुसंख्य मराठी हिंदू जातींत पहिल्या दोघी सख्ख्या बहिणींप्रमाणे वर्ज्य मानल्या गेल्या, आतेबहिणीशी विवाह सामान्यतः टाळला गेला आणि मामेबहीण मात्र अनेक जातींत हक्काची वधू ठरली. इस्लामी विधीनुसार या चौघीही विवाहास ग्राह्य आहेत. अर्थात, ही सीमा निसर्गाने आखलेली नसून समाजाने आखलेली आहे. ती कोणी, कशी आखली आणि आज तिचा भार कोणावर पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

धर्मशास्त्रातील मतभेद

याज्ञवल्क्यस्मृतीने मातेकडील पाच व पित्याकडील सात पिढ्यांपलीकडील वधू निवडावी असा नियम घालून दिला. कल्याणीच्या चालुक्य राजवटीत मिताक्षरा लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ‘पिंड’ या शब्दाचा अर्थ ‘शरीर’ असा घेतला. त्यामुळे समान पूर्वजाच्या शरीराचे अंश ज्यांच्यात आहेत ते सपिंड ठरले. या कसोटीनुसार मामाची मुलगी उघडच वर्ज्य होते. मनुस्मृतीनेही आत्या, मावशी व मामा यांच्या मुलींशी संबंध आल्यास चांद्रायण प्रायश्चित्त सांगितले आहे.

तथापि, बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील विशेष आचारांमध्ये मामाच्या व आत्याच्या मुलीशी विवाहाचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या प्रदेशाचा जो आचार, तो तेथे प्रमाण, हा पक्ष तेथे मांडला असून गौतमांचा त्यास असलेला विरोधही नोंदविला आहे. पुढे कुमारिलभट्टाने दाक्षिणात्यांच्या या प्रथेचा उपहास केला; अर्जुनाने मामाची मुलगी सुभद्रा वरली, हा दाखला अडचणीचा असल्याने त्याचे निराळे स्पष्टीकरणही दिले. याउलट, चौदाव्या शतकातील पराशरमाधवीयाने याच विवाहाचे समर्थन केले. म्हणजे शास्त्राचे एकमत कधीच नव्हते. लोकाचार आधी होता. शास्त्रकार त्याचा निषेध वा समर्थन करीत होते.

महाराष्ट्रातील लोकाचार

डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्राचे स्थान उत्तर व दक्षिण या दोन पद्धतींच्या सीमेवर दाखविले. दक्षिणेप्रमाणे येथे मामेबहीण चालते; परंतु आतेबहीण सामान्यतः चालत नाही. लेक ज्या घरी दिली, त्या घरातून उलट मुलगी आणू नये, हे त्यामागील तत्त्व होय. मुलगी देणारे कुळ आणि घेणारे कुळ यांची दिशा कायम राहावी, असा त्याचा आशय आहे. याशिवाय ब्राह्मणांत गोत्र व प्रवर, तर मराठा व इतर अनेक जातींत देवक यांनी सीमा आखली. समान देवकाच्या कुळांत सोयरीक होत नाही. देशस्थ ब्राह्मणांच्या काही गटांत मामेबहीण ग्राह्य, तर चित्पावनांत सामान्यतः वर्ज्य, असा भेद एकाच वर्णात दिसतो.

या आचाराची साक्ष भाषा देते. सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, ती आत्याने भाचीला सून करून घेण्याच्या रिवाजाची खूण होय. सासऱ्यास ‘मामंजी’ म्हणणे प्रथमदर्शनी उलट दिशेचे वाटते. परंतु अनेक मराठी घरांत आत्याच्या यजमानांनाही ‘मामा’ म्हणतात, हे लक्षात घेतल्यास दोन्ही संबोधने एकाच विवाहपद्धतीशी सुसंगत ठरतात.

राजघराण्यांनी हा दिशेचा नियम नेहमीच पाळला असे नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई या फलटणच्या बजाजी नाईक निंबाळकरांच्या भगिनी. सईबाईंची कन्या सखुबाई बजाजींचे पुत्र महादजी यांना दिली गेली. म्हणजे महादजींचा विवाह आतेबहिणीशी झाला. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई शिर्के घराण्यातील, तर शिवाजी महाराजांची कन्या राजकुंवरबाई येसूबाईंचे बंधू गणोजी शिर्के यांना दिली होती. हे सरळ साटेलोटे होय. घराण्यांतील सख्य दृढ करण्याची गरज मोठी असे, तेव्हा सोयरिकीची दिशा गौण ठरे.

कायद्याची चौकट

१९४६ च्या अधिनियमाने सगोत्र व सप्रवर विवाहातील कायदेशीर अडथळा दूर केला. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने सपिंडतेची मर्यादा मातेकडून तीन व पित्याकडून पाच पिढ्यांवर आणली. तरीही मामेबहीण या मर्यादेत येतेच. शिवाय भाऊ-बहिणीची अपत्ये म्हणून ती निषिद्ध नात्यांच्या यादीतही आहे. असा विवाह वैध ठरतो तो केवळ उभय पक्षांना लागू असलेल्या रूढीच्या अपवादामुळे. रूढी दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळली गेलेली, निश्चित आणि सार्वजनिक धोरणाशी विसंगत नसलेली असावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सपिंड विवाहावरील हे निर्बंध व रूढीचा अपवाद असलेली तरतूद वैध ठरविली.

येथेच खरा प्रश्न उद्भवतो. पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेला रिवाज न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावा लागतो. तो सिद्ध न झाल्यास विवाह शून्य ठरतो. अपत्यांचे औरसत्व कायद्याने राखले असले, तरी पत्नी हा दर्जाच नाकारला जातो, आणि वाद उद्भवताच त्याची झळ मुख्यतः स्त्रीलाच बसते. ज्या विवाहास दोन्ही घरांनी संमती दिली, त्याचाच निषेध पुढे एका पक्षाचे हत्यार होऊ शकतो.

समारोप

निषिद्ध नात्यांची सीमा जात, प्रदेश, कुळांची प्रतिष्ठा आणि राजकीय गरज यांनी आखली. शास्त्राने व कायद्याने तिला पिढ्यांच्या गणनेत बसविण्याचा यत्न केला. मामेबहिणीचे उदाहरण हेच दर्शविते की ती गणना लोकाचारास पूर्णपणे सामावून घेऊ शकली नाही. विवाहविषयक कायद्याच्या एकसूत्रीकरणाची चर्चा होत असताना, लुप्त होत चाललेल्या या रिवाजांची जातवार व प्रदेशवार नोंद करणे हे केवळ अभ्यासकाचे कुतूहल नव्हे. उद्या एखाद्या स्त्रीचा वैवाहिक दर्जा अशाच नोंदीवर अवलंबून असू शकेल.