दात, टायटॅनियम आणि खर्रा

मंडळी, या वीकांताचा विषय: सगळेच दात पडल्यावर काय?

१९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते, टायटॅनियमचं छोटं उपकरण आत बसवून. प्रयोग संपला, पण ते महागडं उपकरण काही निघेना! हाड त्याला घट्ट धरून वाढलेलं. आपल्या भाषेत, बगचंच फीचर झालं. १९६५ मध्ये यॉस्टा लार्सन यांच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले, तोवर ते टिकले.

कवळी असताना याची गरज काय? दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, हिरडीवर टेकलेली कवळी सैल होते. स्क्रू थेट हाडात रुजतात. पूर्ण जबड्याला चार-सहा पुरतात.

आता आपलं यवतमाळ. इथे सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून खर्रा होतो. वर्षानुवर्षं चघळून काहींचं तोंडच उघडत नाही. मग स्क्रू बसवायचं हत्यार आत जाणार कसं? २०१२ साली राज्यात गुटखाबंदी आली, खर्रा काही गेला नाही.

तेव्हा आबांच्या इम्प्लांटची चौकशी कराच, पण धाकट्याच्या खिशातली पन्नीही बघा.