पासोडी कोणी विणली? सूत, सुई आणि जातीचा हिशेब

आंबाजोगाईचे नाव निघाले की दोन कवींची नावे हमखास घेतली जातात. एक मुकुंदराज आणि दुसरे दासोपंत. दासोपंतांचा (१५५१–१६१५) ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा म्हणून सांगितला जातो. पण त्याहून जास्त कौतुक होते ते त्यांच्या पासोडीचे. पासोडी म्हणजे अंगावर पांघरायचे जाडेभरडे सुती कापड. सुमारे चाळीस फूट लांबीच्या अशा कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लिहून काढले आणि ते आंबाजोगाईत आजवर जपले गेले. बीड जिल्ह्याचा सांस्कृतिक वारसा सांगताना ही पासोडी चुकत नाही.

आमचा प्रश्न साधा आहे. त्या कापडाचा कापूस कोणी वेचला? सरकी कोणी काढली? सूत कोणी कातले? मागावर बसून चाळीस फूट कोणी विणले? पासोडी ओळखली जाते ती लिहिणाऱ्याच्या नावाने. विणणाऱ्याचे नाव कोणी विचारतही नाही. आपल्याकडे इतिहास लिहिण्याची हीच रीत आहे. कापडावर शाई पडली की इतिहास सुरू होतो, त्याआधी जे काही झाले ती नुसती ‘मजुरी’.

आम्ही हा लेख त्या मजुरीबद्दल लिहीत आहोत. कारण आज ‘हातमाग’, ‘हस्तकला’, ‘आजीची गोधडी’ या नावाखाली त्याच कामाचे गोडवे गायले जात आहेत, आणि आपल्या पोरींच्या हातात पुन्हा सुई देण्याच्या योजना येत आहेत. सुई घ्यावी की न घ्यावी हे ठरवण्याआधी तिचा इतिहास माहीत असलेला बरा.

कापड चालते, विणणारा चालत नाही

जुन्या काळात एक धोतर तयार व्हायला अनेक जातींचे हात लागत. पिंजाऱ्याने कापूस पिंजायचा. बायकांनी पेळू करून सूत काढायचे. साळी-कोष्ट्यांनी ताणा लावून विणायचे. रंगाऱ्याने रंगवायचे, शिंप्याने शिवायचे. वरवर पाहिले तर ही श्रमाची विभागणी वाटते. पण बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये दाखवून दिले की जात श्रमाची विभागणी करून थांबत नाही, ती श्रमिकांचीच विभागणी करते आणि त्यांची उतरंड रचते. कापड हे त्याचे उघड्या डोळ्यांनी दिसणारे उदाहरण आहे.

विदर्भातला महार समाज पिढ्यान्‌पिढ्या विणकर होता, हे आपल्या मराठवाड्यातल्या अनेक तरुणांना ठाऊक नसते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात मध्य प्रांतातले महार जाडेभरडे सुती कापड विणत असल्याची नोंद आहे. ते कापड बाजारात विकले जात होते, लोक ते अंगावर घेत होते. विणलेल्या कापडाला विटाळ नव्हता, विणणाऱ्या हाताला मात्र होता. ज्यांना अस्पृश्यता ही ‘स्वच्छतेची बाब’ वाटते त्यांनी याचे उत्तर द्यावे.

आणि विणणाऱ्याने स्वतः काय नेसावे? तेही ठरलेले होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे म्हणजे प्रेतांवरची वस्त्रे असावीत असे सांगितले आहे, आणि शूद्र सेवकाला जुनी, जीर्ण वस्त्रे द्यावीत असेही. म्हणजे नवे कापड तयार करायचे आम्ही आणि नेसायचे दुसऱ्याने टाकलेले. म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यानंतर दोनच दिवसांनी बाबासाहेब बायकांसमोर लुगड्याबद्दल बोलले, याचे आश्चर्य वाटायला नको. जातीची ओळख पटेल अशा पद्धतीने लुगडे नेसू नका, हातापायातले ते जड दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या उपदेशात मनूच्या त्या आदेशालाच उत्तर होते.

आमच्या जिल्ह्यातली सूतकताई

बीडसारख्या कोरडवाहू मुलखात धाग्याचे आणखी एक काम होते. त्याची गणना कोणत्याही वस्त्रकलेच्या पुस्तकात होत नाही. ते म्हणजे मातंग समाजाचे दोर वळण्याचे काम. बांधावरच्या केकताडाची पाने कापायची, पाण्यात कुजत घालायची, बडवायची, धुवायची. त्यातून निघणारा पांढरा वाख उन्हात वाळवायचा. मग त्याला पीळ देत देत दावी, कासरे, सोल, शिंकी आणि मोटेचा जाडजूड नाडा तयार करायचा. घरातली बाई, पोरे, म्हातारी माणसे सगळी त्यात गुंतलेली. हाताची कातडी वाखाने सोलून निघायची. बदल्यात सुगीला मूठपसा धान्य, तेही मालकाच्या मर्जीने.

तंतू सोडवायचा, पीळ द्यायचा, धागा लांबवायचा. हीच तर सूतकताई! फरक एवढाच की कापसाच्या जागी वाख आहे. गावाची शेती या दोरावर बांधलेली होती. दोर नसता तर मोट चालली नसती, बैल दावणीला राहिला नसता. तरीही चरखा राष्ट्राचे प्रतीक झाला, आणि मातंगाचा दोर कोणाच्या झेंड्यावर आला नाही. श्रमाला प्रतिष्ठा आहे असे जे सांगतात ते कोणाच्या श्रमाला, हे सांगत नाहीत. पुढे नायलॉनचे दोर आले, मोटेच्या जागी पंप आले आणि हे काम बुडाले. त्याबरोबर बलुते गेले, पण जमीन काही मिळाली नाही. हात रिकामे झाले आणि कोयता हातात आला. ऊसतोडीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दुष्काळ मोजला तसे हे बुडालेले हातही मोजायला हवेत.

गिरणीतला धोटा

मग यंत्र आले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबईत तर गिरण्यांची रांगच लागली. यंत्राला जात नसते, असे म्हणतात. पण यंत्राभोवती माणसे उभी असतात आणि त्यांना जात असते.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते, पण मुख्यतः सूत काढणाऱ्या खात्यांत. विणाई खात्यात मजुरी जास्त होती आणि तेथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण विणकऱ्यांना विटाळाची भीती! म्हणजे थुंकीच्या एका थेंबावरून हजारो कुटुंबांची मिळकत ठरत होती.

१९२८ चा गिरणी कामगारांचा मोठा संप सहा महिने चालला. त्या वेळी बाबासाहेबांनी आग्रह धरला की विणाई खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत आली पाहिजे. वर्गलढ्याच्या पुढाऱ्यांना ती मोठ्या नाखुशीने घ्यावी लागली. हा प्रसंग आपण नेहमी ‘डाव्यांनी जात ओळखली नाही’ एवढ्यासाठी सांगतो. त्यातला दुसरा धडा तितकाच महत्त्वाचा आहे. बाबासाहेबांनी ‘गिरणी सोडा, घरच्या मागावर परत जा’ असे सांगितले नाही. त्यांनी सांगितले, चांगल्या मजुरीच्या खात्याचे दार उघडा.

चरखा आणि फुरसत

याच काळात काँग्रेसमध्ये चरख्याची हवा होती. १९२४ मध्ये तर सभासदत्वासाठी महिन्याला दोन हजार वार सूत देण्याची अट आली. १९२५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघ निघाला. आम्ही हे मान्य करतो की खादीने परदेशी कापडाविरुद्ध लोकांना उभे केले आणि कोरडवाहू भागातल्या कित्येक बायकांना चार पैसे मिळवून दिले. आजही नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते, याचा मराठवाड्याला अभिमान आहे.

पण चार पैसे म्हणजे खरोखरच चार पैसे. कातणाऱ्या बाईची मजुरी इतकी तुटपुंजी होती की १९३५ मध्ये खुद्द चरखा संघाला दर वाढवण्याचा ठराव करावा लागला. पुढाऱ्याने अर्धा तास सूत कातले तर तो त्याग आणि बाईने दिवसभर कातले तर ती मजुरी. दोघांचा चरखा एकच, पण त्याचा अर्थ एक नाही.

बाबासाहेबांनी १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात या विचाराची चिरफाड केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणूस पोटासाठी दिवसभर राबत राहिला तर त्याला विचार करायला, वाचायला, माणूस म्हणून वाढायला फुरसत मिळत नाही. ती फुरसत यंत्र देऊ शकते. ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फुरसत होती त्यांना हातकामाचे वेड परवडते. ज्यांना ती कधीच मिळाली नाही त्यांना आधी फुरसत हवी.

मग हातकाम वाईट का?

येथे आपले काही तरुण घाई करतात. शिवणकाम, विणकाम म्हणजे मागासलेपण, असा निकाल देऊन मोकळे होतात. आम्हाला तो मान्य नाही. बाबासाहेबांनी ज्या तिघांना गुरू मानले त्यांतले कबीर विणकर होते. आणि तथागतांच्या संघाची गोष्ट तर सुईदोऱ्याशिवाय पूर्ण होत नाही.

भिक्खूंचे चीवर चिंध्या जोडून शिवलेले असे. मगधातली बांध घातलेली भातशेते पाहून तशीच आखणी चीवरावर कर, असे बुद्धांनी आनंदाला सांगितल्याची कथा विनयपिटकात आहे. अनुरुद्धाचे चीवर शिवायला सारिपुत्त, महाकस्सप, आनंद असे थोर भिक्खू बसले आणि सुईत दोरा ओवून देत होते स्वतः तथागत, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. हे लक्षात घ्या की त्या काळीही विणकाम, चर्मकाम, बुरूडकाम यांची ‘हीन शिल्पे’ म्हणून गणना होत होती. त्याच अट्ठकथेत आळवीच्या विणकराच्या मुलीची गोष्ट आहे. भरसभेत तथागतांच्या चार प्रश्नांना बरोबर उत्तर देते ती बापासाठी कांड्या घेऊन निघालेली ही मुलगी. तिला तथागतांनी हातातल्या टोपलीवरून तोलले नाही, प्रश्न विचारून तिच्या बुद्धीला साद घातली.

हातकाम आणि जातकाम यांतला फरक तो हाच. जे काम कोणीही, आपल्या मर्जीने, बरोबरीने बसून करते ते हातकाम. जे जन्माने अंगाला चिकटते, ज्याचा दाम दुसरा ठरवतो आणि ज्यातून बाहेर पडायचे दार बंद असते ते जातकाम.

आजची सुई

आता या कसोटीवर आजच्या गोष्टी लावून पाहू. १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा कामांच्या यादीत शिंपीकाम आहे, टोपल्या-झाडू करणे आहे, चांभारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला पाचशे रुपये, अवजारांसाठी पंधरा हजार, पुढे कमी व्याजाचे कर्ज. गरजू बाईने हे पैसे घेऊ नयेत असे आम्ही कधीच म्हणणार नाही, ते तिच्या हक्काचे आहेत. पण योजनेचा भर कुटुंबात चालत आलेल्या कामावर आहे आणि वयाची अट अठरा वर्षांची आहे. अठरा हे कॉलेजात जायचे वय! तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला, कौटुंबिक परंपरेची अट काढा आणि वय पस्तीस करा अशी मागणी केली आणि कोणालाही कोणतेही काम निवडता येईल अशी स्वतःची योजना आणली. महाराष्ट्रात, फुले-आंबेडकरांच्या भूमीत, ही चर्चा झाली का? आपण तरी केली का?

दुसरी गोष्ट गोधडीची. जुन्या लुगड्यांचे थर लावून धावदोरा घालत शिवलेली गोधडी आपल्या आया-आज्यांनी हौसेसाठी शिवली नाही. विकतचे पांघरूण परवडत नव्हते म्हणून शिवली. तीच गोधडी डोक्यावर घेऊन जोडपी कारखान्याच्या फडावर जातात आणि कोपीत थंडी काढतात. दुपारच्या फावल्या वेळात शिवली तर एका गोधडीला महिना सहज जातो. आज शहरातल्या दुकानात ‘पारंपरिक कला’ म्हणून ती भारी किमतीला विकली जाते. बाईला मिळते ती नगावर ठरलेली मजुरी. तिच्या शिलाईचे नाव कंपनीचे, फोटो तिच्या सुरकुत्यांचा. दासोपंतांच्या पासोडीचे जे झाले तेच पुन्हा होत आहे.

म्हणून आमचे म्हणणे चार वाक्यांत सांगतो. विहारात शिवणवर्ग जरूर चालवा, पण त्याच विहारात अभ्यासिका आधी उघडा, आणि दहावीच्या पोरीला अभ्यासिकेतून उठवून शिवणवर्गात बसवू नका. वर्गात पोरांनाही बसवा, म्हणजे सुई फक्त बाईची उरणार नाही. शिवणाऱ्या बायकांनी दर एकटीने ठरवू नये, गटाने बसून तासांचा हिशेब मांडावा आणि मालावर स्वतःचे नाव घालण्याची अट घालावी. आणि वाख काढणारी, गोधडी शिवणारी जी म्हातारी माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ वही घेऊन बसा, त्यांची नावे, त्यांचे शब्द, त्यांची मजुरी लिहून घ्या. ते काम विद्यापीठाची वाट पाहत थांबवू नका.

कारण उद्या कोणी तरी पुन्हा बीड जिल्ह्याचा वारसा लिहील. त्या वेळी विणणाऱ्याचे नाव विचारले गेले, तर ते सांगता आले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!